साक्षी, सजगता आणि सय : एका जोड-उपचाराच्या परिभाषेची चिकित्सा

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव मराठीच्या अभ्यासकास मुख्यतः दोन नावांमुळे परिचित आहे. एक मुकुंदराज, ज्यांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके १११० मधील मानला जातो व ज्यांची समाधी येथे दाखविली जाते. दुसरे दासोपंत (१५५१-१६१५), ज्यांनी चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा पासोडीवर पंचीकरण लिहून ठेविले. 'विवेकसिंधु'चा काळ निर्विवाद नाही, आणि मुकुंदराजांचे गाव हेच की वैनगंगेकाठचे अंभोरे, हा वादही जुनाच आहे. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. गावाची तिसरी ओळख वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत येत नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय येथे आहे, आणि आसपासच्या तालुक्यांतील रोगी तेथे येतात. मनाच्या व्यापारांचे वर्णन करणाऱ्या दोन परिभाषा, एक वेदान्ताची व एक मनोविकारशास्त्राची, अशा रीतीने एकाच गावात नांदतात. त्या एकमेकींशी क्वचितच बोलतात. जेव्हा बोलतात तेव्हा काय घडते, हे पाहण्यास एक विषय हाताशी आला आहे.

इंग्रजीत ज्यास 'माइंडफुलनेस' म्हणतात ती मनोपचारपद्धती गेल्या पंचवीस वर्षांत विषादाच्या रोग्यांसाठी रूढ झाली; तिच्या मागोमाग, द्विध्रुवी विकाराच्या रोग्यांनाही औषधाच्या जोडीस ती द्यावी काय, हा प्रश्न पुढे आला. वैद्यकाने त्याचा विचार आपल्या पद्धतीने केला आहे. परंतु ही पद्धती औषधाप्रमाणे निमूटपणे पोटात जात नाही. ती शब्दांनी दिली जाते. आठ आठवडे कोणीतरी रोग्यास काही सांगतो, रोगी ते ऐकतो, आपल्या भाषेत समजून घेतो आणि घरी जाऊन आपल्या समजुतीप्रमाणे करतो. शब्द हाच येथे मात्रेचा भाग असतो. हे मान्य केल्यास, मराठीत तिच्यासाठी कोणता शब्द योजावा, हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही.

विकाराचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. पॅरिसचे फाल्रे यांनी १८५४ च्या सुमारास त्यास 'चक्राकार वेड' म्हटले. क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये उन्माद व विषाद या एकाच रोगाच्या दोन अवस्था मानिल्या. लेओनहार्ड यांनी १९५७ मध्ये केवळ विषाद येणारे रोगी वेगळे काढले. आणि १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणाने 'बायपोलर' हे नाव रूढ केले. आपण त्याचे 'द्विध्रुवी' केले. ध्रुव म्हणजे अढळ. ज्या विकारात काहीच अढळ राहत नाही त्याच्या नावात हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातून येऊन बसला आहे, आणि आता तो तेथून उठेल असे दिसत नाही. विषादात माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळतो. उन्मादात तो दोन-तीन तास झोपतो आणि तरी थकत नाही, अखंड बोलतो, बैलजोडी विकतो, व्याजाने पैसे काढतो, आणि आपल्याला काही झाले आहे हे त्यास मुळीच वाटत नाही. या शेवटच्या लक्षणाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर लिथियमचा गुण प्रसिद्ध केला. नंतर आणखी औषधे आली, तरी लिथियमचे स्थान गेलेले नाही.

दुसऱ्या बाजूस, जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात आठ आठवड्यांचा एक क्रम सुरू केला. तो मुख्यतः जुनाट दुखण्यांनी व ताणाने ग्रासलेल्यांसाठी होता. टीसडेल, विल्यम्स व सेगल यांनी त्याची सांगड विचारोपचाराशी घातली, आणि २००० मध्ये १४५ रोग्यांवरील प्रयोगात असे दाखविले की, ज्यांस तीन किंवा अधिक वेळा विषाद येऊन गेला आहे त्यांच्यात तो उलटण्याचे प्रमाण या शिक्षणाने बरेच घटते. श्वासाकडे लक्ष द्यावे, मनात विचार आला तर तो आला एवढेच नोंदवावे, त्यामागे जाऊ नये, असा या शिक्षणाचा गाभा. त्याचा उगम बौद्ध साधनेत आहे हे कोणी लपविलेले नाही. 'माइंडफुलनेस' हा शब्दही त्या अर्थी ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये पाली 'सति' या शब्दासाठी योजिला.

मराठीत यासाठी 'सजगता', 'साक्षीभाव', 'अवधान', 'पूर्ण भान' असे शब्द योजले जातात. विषादाच्या रोग्यापुढे यांपैकी कोणताही शब्द ठेवला तरी फारसे बिघडत नाही. द्विध्रुवी विकाराच्या रोग्याविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही.

'सजगता' हा आज सर्वांत प्रचलित शब्द. त्याच्या पोटात 'जागृ' हा धातू आहे, आणि मराठी माणसाच्या कानास तो धातू अजून जिवंत आहे: जागा, जागरण, जागता पहारा, नवरात्रातला जागर. अंबाजोगाई ही तर योगेश्वरीची नगरी. देवीचा गोंधळ रात्रभर चालतो आणि जागणे हे तेथे पुण्य असते. उन्मादाच्या उंबरठ्यावरील रोग्याची पहिली खूण नेमकी ही आहे की, त्यास झोपेची गरज वाटेनाशी होते. वेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये असे मांडले की, झोप तुटणे हा उन्मादाचा परिणाम तर आहेच, पण तो त्याचे कारणही होऊ शकतो. निरनिराळी निमित्ते अखेर झोपेच्याच वाटेने उन्मादापर्यंत पोचतात. अशा माणसास 'सजग राहा' असे सांगणे म्हणजे त्याच्या व्याधीच्या हाती प्रमाणपत्र देणे होय. शिकविणाऱ्यास तो अर्थ अभिप्रेत नसतो, हे खरे. परंतु अर्थ ऐकणाऱ्याच्या भाषेत ठरतो, आणि चार रात्री न झोपलेल्या माणसाइतके 'मी सजग आहे' असे मनापासून दुसरे कोण म्हणू शकेल? येथे हेही नमूद केले पाहिजे की, सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ पासून इगतपुरीस चालविलेल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांत दिवस पहाटे चारला सुरू होतो, आणि गंभीर मनोविकार असलेल्यांनी ही शिबिरे करू नयेत असा सल्ला ती परंपरा स्वतःच देते. परंपरेस आपल्या साधनाची धार ठाऊक असते. शब्द मात्र धारेवाचून सर्वत्र पसरतो.

'साक्षीभाव' हा शब्द अधिक प्रतिष्ठित, म्हणून अधिक विचार मागणारा. साक्षात् पाहणारा तो साक्षी, ही पाणिनीय व्युत्पत्ती. 'विवेकसिंधु' आणि त्यामागून आलेले मराठी वेदान्तवाङ्मय यांचा सारा भर या पाहणाऱ्यावर आहे: देह दिसतो म्हणून मी देह नव्हे, मन दिसते म्हणून मी मन नव्हे, जागृती, स्वप्न व सुषुप्ती या तिन्ही अवस्था येतात-जातात आणि त्यांस पाहणारा तेवढा उरतो. पंचीकरणाच्या परंपरेत अंतःकरण, मन, बुद्धी, चित्त व अहंकार असे पाच विभाग करून प्रत्येक विभाग दृश्याच्या बाजूस टाकला जातो. हे वाचून कोणासही वाटावे की, पाश्चात्त्य मनोवैद्य आज जे सांगत आहेत ते आमच्या मुकुंदराजांनी आठशे वर्षांपूर्वीच सांगून ठेविले. असे म्हणणे सोपे आहे आणि सभेत टाळ्या मिळविणारे आहे; तथापि ते दोन्हीकडून चूक आहे.

वेदान्ताचा साक्षी व्याख्येनेच निर्विकार आहे. त्यास ज्वर येत नाही, विषादही होत नाही. उलट उपचाराच्या खोलीत जो 'पाहतो' तो हा साक्षी नव्हेच. ती बुद्धी आहे, म्हणजे पंचीकरणाच्या हिशेबी दृश्याच्या बाजूचीच एक वस्तू. आणि उन्मादात विकार होतो तो या बुद्धीसच. व्यवहारात साक्षीदार फितूर होतो असे म्हणतात. उन्मादातील रोग्याचा साक्षीदार असा फितूर झालेला असतो. तो आत पाहतो, पण त्यास तेथे आजार दिसत नाही; तेज दिसते, सामर्थ्य दिसते, कधी साक्षात्कारही दिसतो. त्यास साक्षीभाव शिकविला असता तो नम्रपणे शिकेल आणि आपल्या साक्षात्काराचा साक्षी होईल. मुकुंदराजांविषयी प्रसिद्ध असलेली आख्यायिका या संदर्भात आठवते. राजा जैतपाळ ब्रह्म दाखविण्याचा हट्ट धरतो, अनेकांस वेठीस धरतो, आणि शेवटी मुकुंदराज त्यास घोड्याच्या रिकिबीत एक पाय असतानाच समाधी लावून देतात. कथा सुंदर आहे, आणि तीत राजाच्या उतावळेपणाचे चित्रही चांगले आहे. परंतु ज्याचा उतावळेपणा हाच रोग आहे त्यास ही कथा उपचार म्हणून सांगता येणार नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की, 'मी देह नव्हे, मन नव्हे' हे वाक्य ज्यास नीट पटले त्याने गोळी कोणासाठी घ्यावी? 'विवेकसिंधु'चे अध्ययन करणारा साधक या प्रश्नात अडकत नाही, कारण तो गुरूच्या देखरेखीखाली व्यवहार आणि परमार्थ यांच्या पायऱ्या वेगळ्या ठेवण्यास शिकलेला असतो. अर्धे वाक्य घेऊन घरी जाणारा रोगी मात्र अडकतो. लिथियम अचानक सोडल्यास उन्माद थोड्याच काळात उसळण्याचा व आत्महत्येचाही धोका वाढतो, हे वैद्यकात सुविदित आहे. दोष मुकुंदराजांचा नाही. शब्द उसना घेताना त्याच्या मर्यादा न घेणाऱ्यांचा आहे.

'भान' व 'अवधान' यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. 'अवधान' हा श्रोत्याचा धर्म. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे मागितले आहे. मागणारा व देणारा असे दोघे त्यात गृहीत असल्याने एकट्याच्या साधनेस तो शब्द अपुरा पडतो. 'भान' मात्र घरच्या माणसांच्या तोंडचा शब्द आहे: 'तो भानावर नाही' असे तीच म्हणतात. पण कीर्तनात भान हरपणे हे भाग्याचे लक्षण आहे, आणि 'वेड', 'पिसे' या शब्दांचीही मराठीत हीच गत आहे. भक्तीने ते इतके उजळून ठेविले आहेत की, रोगासाठी ते पुन्हा काळे करणे कठीण.

राहिला मूळ शब्द. पाली 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृति'. शब्दारंभीच्या जोडाक्षरातील मकार लोपला, ऋकाराचा अकार झाला, इतकाच फरक. अष्टांगिक मार्गातील सातवे अंग 'सम्मासति' हे मराठीत 'सम्यक् स्मृती' या नावाने आले. १९५६ च्या धर्मान्तरानंतर हा शब्द मराठवाड्यातील हजारो घरांत नित्याच्या उच्चाराचा झाला, आणि बीड जिल्हा त्यास अपवाद नाही. माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या जात्यावरच्या ओव्यांत बुद्ध, धम्म व संघ सहज येऊन बसले आहेत. अभ्यासक ज्या शब्दास दुर्बोध समजून बाजूस सारतात तो या वस्त्यांत पाठ असतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अर्थात याच वस्त्यांत 'स्मृती' म्हटल्यावर महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळलेली मनुस्मृतीही आठवते. 'सम्यक्' हे विशेषण म्हणूनच तेथे शोभेचे राहत नाही.

'स्मृती'वर नेहमीचा आक्षेप असा की, मराठीत तिचा अर्थ गेलेल्या गोष्टीची आठवण एवढाच आहे आणि या साधनेत तर वर्तमानाकडे पाहावयाचे असते. हा आक्षेप पाश्चात्त्य पुस्तकांतून उलटा आलेला आहे. 'सति'मध्ये आठवण आहेच: काय करावयास बसलो आहोत, काय हितकर व काय अहितकर, हे न विसरणे. वर्तमानाचे निरीक्षण हे त्या न विसरण्याचे क्षेत्र होय. चरकसंहितेने हे अंग स्पष्ट धरिले आहे. उन्मादाचे निदान सांगताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, भक्ती, शील, चेष्टा व आचार यांच्या बरोबरीने स्मृतीचाही विभ्रम त्यात मोजला आहे. आणि मानस दोषांवरील उपाय सांगताना ज्ञान, विज्ञान, धैर्य व समाधी यांच्या पंक्तीत पुन्हा स्मृतीच घेतली आहे. जी बिघडते तीच सावरावयाची, असा हा विचार आहे. त्यात साक्षी नाही, जागरणही नाही.

आता प्रयोगांकडे पाहिले तर शब्दांच्या या चिकित्सेस काही आधार मिळतो. विल्यम्स व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये द्विध्रुवी रोग्यांवर, दोन झटक्यांच्या मधल्या काळात, हे शिक्षण देऊन पाहिले; चिंता कमी झाल्याचे आढळले. सिडनीच्या पेरिक व सहकाऱ्यांचा २०१३ मधील प्रयोग मोठा होता: ९५ रोगी, बारा महिने पाठपुरावा, औषधोपचार दोन्ही गटांस चालूच. उन्माद किंवा विषाद उलटण्यास लागणारा काळ व उलटण्याची संख्या यांत दोन गटांत फरक पडला नाही. चिंतेच्या काही मापनांत पडला. आठवड्यातून निदान तीन दिवस साधना करणाऱ्यांचा विषाद व चिंता वर्षाअखेर कमी होती असेही दिसले. परंतु ज्यांस बरे वाटते तेच नियमाने बसतात, ही शक्यता त्यात उरते.

याच्या शेजारी एक जुना प्रयोग ठेवावा. पेरी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये इंग्लंडात ६९ रोग्यांस ध्यान वगैरे काही शिकविले नाही. सात ते बारा बैठकींत, मागचा झटका कसा सुरू झाला होता, झोप प्रथम कधी तुटली, पहिला खर्च कशावर झाला, हे त्यांच्याकडून आठवून घेतले, त्या खुणा ठरवून दिल्या, आणि त्या दिसताच कोणाकडे जावयाचे ते पक्के केले. उन्माद उलटण्याचा काळ पुष्कळ लांबला. विषादावर मात्र परिणाम दिसला नाही. दोन्ही प्रयोगांची परस्परांशी तुलना झालेली नाही, त्यामुळे त्यांवरून निकाल देणे घाईचे होईल. परंतु ज्या उपचाराने उन्माद लांबविला त्याचा आत्मा निरीक्षण नसून स्मरण आहे, हे नजरेआड करता येत नाही. २०१८ च्या कॅनडातील मार्गदर्शिकेनेही औषधाच्या जोडीस पहिला मान रोगशिक्षणास दिला आहे, ध्यानास नव्हे.

'जोडीस' या शब्दावरही थोडे थांबावयास हवे. अशा उपचारास 'पूरक' म्हणतात, आणि बोलता बोलता 'पूरक'चे 'पर्यायी' होते. बीड जिल्ह्यात 'जोडधंदा' हा शब्द सर्वांस कळतो. शेती आहे म्हणून त्यास जोड म्हणावयाचे. 'जोड-उपचार' हा शब्द त्या कारणाने अधिक सुरक्षित वाटतो. एक अडचण आहे: या जिल्ह्यात पाऊस दगा देतो आणि जोडधंदा हाच मुख्य धंदा होऊन बसतो. उपमा कोठे थांबते हे येथे सांगितलेच पाहिजे, कारण औषधाचा दुष्काळ पडला तर ध्यानावर वर्ष काढता येत नाही.

आणि तो दुष्काळ काल्पनिक नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात द्विध्रुवी विकाराच्या सुमारे ७०.४ टक्के रोग्यांस उपचार मिळत नसल्याचे आढळले. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. महाराष्ट्र त्यांत नव्हता, तेव्हा बीडचा आकडा त्यावरून काढता येणार नाही. परंतु जिल्ह्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते आणि गाडी लागेल तेव्हा, मध्यरात्र असली तरी, मोळ्या भराव्या लागतात. लिथियमचे रक्तातील प्रमाण साधारणतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल राखावे लागते, ते १.५ च्या वर गेले की विषबाधेची भीती. घामाने शरीरातील पाणी घटले तर तेवढ्याच गोळ्यांनी ते वाढते. म्हणजे ज्यास वेळोवेळी रक्ततपासणी, पुरेसे पाणी व ठरलेली झोप यांची गरज आहे तो रोगी सहा महिने या तिन्हींपासून दूर फडात असतो. आठ आठवड्यांचा वर्ग ही त्याच्यापुढे ठेवण्याची वस्तू नव्हे. मागच्या खेपेस काय झाले होते याची आठवण मात्र फडातही बरोबर नेता येते.

त्या आठवणीस मराठीत एक घरचा शब्द आहे. 'स्मृति' या शब्दापासून प्राकृतात 'सइ' झाला आणि त्यापासून मराठीत 'सय' आला असे मानतात. म्हणजे 'सति' आणि 'सय' ही एकाच घरची भावंडे ठरतात. माहेरची सय येते, गेलेल्या माणसाची सय येते. परिभाषाकारांच्या नजरेतून हा शब्द निसटला याचे कारण तो बायकांच्या ओव्यांतला, हेच असावे. परिभाषा म्हणून तो चालेल काय? अडचण क्रियापदाची आहे. सय 'येते', ती आणता किंवा ठेवता येत नाही. 'मला सय येते' या रचनेत 'मला' ही चतुर्थी आहे, कर्तृत्व माणसाकडे नाही. उलट लक्ष 'देता' येते, आठवण 'ठेवता' येते. उपचारास ठेवण्याचे क्रियापद हवे. म्हणून ग्रंथात 'सम्यक् स्मृती' आणि रोग्याशी बोलताना 'आठवण ठेवणे' अशी योजना अधिक निर्दोष दिसते.

परंतु 'सय'च्या या व्याकरणदोषात एक गोष्ट अशी आहे की, ती टाकून देण्यापूर्वी मनोवैद्यांनी तिचा विचार करावा. उन्मादाच्या आरंभी रोग्यास स्वतःच्या मागील झटक्याची आठवण ठेवणे जमत नाही. ती त्यास दुसऱ्याकडून 'यावी' लागते. फडावर ती येते कोयत्याच्या दुसऱ्या भागीदाराकडून. नवरा तीन रात्री झोपला नाही आणि मागच्या साली असेच सुरू झाले होते, हे प्रथम बायकोच्या ध्यानात येते, किंवा याच्या उलट. पेरी यांच्या प्रयोगातील खुणांची यादी रोग्याच्या हाती होती. येथे ती त्या दोघांच्या हाती, आणि लिहिता-वाचता येत नसेल तर तोंडपाठ, द्यावी लागेल; आणि ती टोळ्या निघण्यापूर्वी, भाद्रपद-आश्विनात, दिली पाहिजे.